आखाजीला परीक्षा ठेवतात का कोणी?

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, परीक्षा? ग्रुपवर तो मेसेज वाचला तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. अबॅकसची (मण्यांच्या पाटीवर हिशेब शिकवतात ते) लेव्हल एक्झाम, सकाळी दहाला, आणि खाली ठळक अक्षरांत: गैरहजर पाल्यांची परीक्षा पुन्हा घेतली जाणार नाही. क्लास जळगावातलाच, चालवणारे इथलेच. यांच्या घरी गौराई बसत नाही? यांच्या बहिणी माहेरी येत नाहीत?

माझं माहेर अमळनेरकडचं. आखाजीला घरोघरी सासुरवाशिणी आलेल्या असतात. निंबाला झोके बांधलेले, दुपारी आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि उन्हं कलली की पोरीबाळी गाणी म्हणत झोक्यावर. वर्षातून एकदा येतो हो हा दिवस! माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीतली. तिनं तो दिवस एका बंद हॉलमध्ये मणी सरकवत काढला. परीक्षा तासाभराची, पण पुढे भाषणं, मेडल, फोटो करत पाच वाजवले. गावी पोचलो तर अंधार पडलेला. आई दारातच म्हणाली, "पोरले खेयाले बी टाइम नही का वं?" मी काय सांगणार होते?

आणि हे फक्त आखाजीचं नाही. उन्हामुळे शाळा सकाळची. पोरगी दुपारी घरी येते, जेवते, जरा आडवी होते की साडेचारला अबॅकस. बाहेर पारा ४४ वर, स्कूटीची सीट चटका देते. ती माझ्या मागे बसून डब्यातले पोहे खाते, कारण घरी बसून खायला वेळच उरत नाही. तिथून कथ्थक. मंगळवारी आणि शुक्रवारी हस्ताक्षराचा क्लास, रविवारी सकाळी स्केटिंग. रात्री दहाला अबॅकसचं होमवर्क. परवा तिच्या अंगावर चादर घालायला गेले तर झोपेत बोटं हलत होती. अंगठा आणि पहिलं बोट, मणी सरकवल्यासारखी. मी तिथंच पलंगाच्या कडेला बसून राहिले.

होमवर्क चुकलं तर? ग्रुपवर यादी पडते. 'सराव पूर्ण न केलेले विद्यार्थी' म्हणून नऊ-नऊ वर्षांच्या लेकरांची नावं लाल रंगात, दीडशे पालकांसमोर. लाज कशी वाटत नाही? बंद करते म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, आता सोडलं तर आधीच्या तीन लेव्हल वाया जातील." फी सहा महिन्यांची आगाऊ घेऊन ठेवलेली, परत द्यायचं नाव नाही. आणि आमच्या कॉलनीतल्या बायका! "तुमची फक्त चारच क्लासला जाते?" चार काय कमी आहेत?

मागच्या आठवड्यात कथ्थकच्या बाई आजारी होत्या, क्लास रद्द झाला. मी म्हटलं, जा खेळ. ती खाली गेली आणि दहा मिनिटांत परत आली. खाली कोणी नव्हतंच. सगळी पोरं कुठल्या ना कुठल्या क्लासला. मेहरूण तलावावर चल म्हटलं तर विचारते, "तिथं काय शिकवतात?"

हे ऐकून मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्कांचा करार केला, त्यातल्या ३१ व्या कलमात मुलाला विश्रांतीचा, फावल्या वेळेचा आणि खेळण्याचा हक्क आहे असं स्वच्छ लिहिलंय. भारतानं तो १९९२ मध्ये मान्यही केला. फावला वेळ हा हक्क आहे! तो आम्ही आईबापांनीच पैसे मोजून काढून घेतला. होय, मी पण. माझी पोर मागे पडेल या भीतीनं मीच फॉर्म भरले. कथ्थक तिला आवडतं, ते राहील. घरात पैंजण बांधून ती आपणहून नाचते, कोणी सांगावं लागत नाही. बाकीचं तिनं कधी मागितलं होतं?

काल अबॅकसच्या सरांना फोन करून सांगितलं, सोमवारपासून येणार नाही. ते लेव्हलचं पुराण सुरू करणार तोच मी म्हटलं, फी ठेवा तुमच्याकडे, पण माझ्या मुलीचं नाव त्या यादीत पुन्हा दिसलं तर मी क्लासमध्ये येऊन बोलेन. हस्ताक्षर आणि स्केटिंगही बंद. मग भावाला फोन लावला, निंबाचा दोर सोडू नको, शनिवारी आम्ही येतोय.