चार जीबी म्हणून माथी मारलं

डोकं फिरलंय नुसतं. सलग तिसरा रविवार कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून बसलोय, बोटं कापून घेतली, आणि गेम अजून सुरू नाय.

मागच्या वर्षी सांगलीतल्या एका पतसंस्थेनं जुने कॉम्प्युटर काढले त्यातला एक साडेसहा हजारात उचलला होता. आय फाइव्ह ३४७०, आठ जीबी रॅम, २०१२ चा प्रोसेसर, पण मशीन ठणठणीत. धाकट्या भावाची बारावी झाली, सुट्टीत त्याला नवीन गेम खेळायच्यात, नव्या पीसीला पन्नास-साठ हजार कुठनं आणायचे, म्हणून म्हटलं गेमचं चित्र पडद्यावर उमटवणारं एक ग्राफिक्स कार्ड टाकू आणि विषय संपवू.

दुकानात गेल्या गेल्या सांगितलं, मालक, नवीन गेम चालले पाहिजेत, पाच हजाराच्या वर जायला जमणार नाय. तर म्हणे "चार जीबीचं कार्ड देतो, सगळं चालतंय, बिनधास्त न्या." मशीन कुठलं, प्रोसेसर कुठला, एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) किती वॅटचा, एक अक्षर विचारलं नाय. हातात दिलं जीटी ७३०. हे कार्ड २०१४ चं हाय लोकहो! चार जीबी खरं, पण ती मेमरी डीडीआर३, म्हणजे हळू जातीची, आणि रस्ता फक्त ६४ बिटचा, म्हणजे गोदाम मोठं आणि दार एवढंसं, माल बाहेर यायचा कसा? जेवढे पैसे त्याला दिले तेवढ्यात सेकंडहँड १०५० टीआय कार्ड येतं, त्याचीही मेमरी चारच जीबी, पण वेगवान जीडीडीआर५ आणि रस्ता १२८ बिटचा, दोघांची बरोबरीच नाय. दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेलो तर "उघडलेला माल परत घेत नाय". बिल मागितलं तेव्हा "१८ टक्के वर लागतील" म्हणाला होता, त्यामुळं बिलही नाय, आता भांडू कशाच्या जोरावर?

मग कोल्हापुरातनं सेकंडहँड १०५० टीआय आणलं. ७५ वॅट घेतंय, सगळी पॉवर बोर्डावरच्या स्लॉटमधनंच, वेगळी वायर लागत नाय, म्हणून मुद्दाम तेच घेतलं. घरी आणून बघतो तर ऑफिसचा बारीक डबा, त्याला अर्ध्या उंचीचं कार्ड लागतंय, हे बसतच नाय. कॅबिनेट बदलावं म्हटलं तर एसएमपीएस २४० वॅटचा, आणि बोर्डाला पॉवरचा नेहमीचा २४ पिनचा सॉकेट नाय, कंपनीनं स्वतःचाच सहा पिनचा काढलाय! का? बाहेरचा सात-आठशेचा एसएमपीएस कुणी जोडू नये म्हणूनच ना? साध्या माणसानं दुरुस्ती करून वापरूच नये असं ठरवूनच बनवलेत हे डबे, ह्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतोय.

शेवटी कार्डाचं ब्रॅकेट (मागची पत्र्याची पट्टी) काढलं, झाकण उघडं ठेवलं आणि कार्ड बसवलं. चाललं. जुने गेम झकास चालले, दोघं भाऊ रात्री दोनपर्यंत बसलो. मग त्याला पाहिजे होता तो नवीन गेम रात्रभर डाउनलोडला लावला, सकाळी क्लिक केलं आणि बंद. परत केलं, परत बंद. दोन तास शोधल्यावर कळलं की गेमला एव्हीएक्स टू लागतंय, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या काही खास सूचना, ते इंटेलच्या चौथ्या पिढीत, २०१३ ला आलं, आपला प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. आणि बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या ह्या ११५५ सॉकेटवर चौथ्या पिढीचा प्रोसेसर बसत नाय. म्हणजे बोर्ड बदला, बोर्ड बदलला की डबा बदला, एसएमपीएस बदला, राहिलं काय मग? वर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी पाहिजे.

एवढ्या सगळ्यात एसएसडी (वेगवान डिस्क) टाकल्याचे पैसे तेवढे वसूल झाले. बाकी दहा हजार गेले, आणि त्या दुकानदारानं "प्रोसेसर कुठला हाय" एवढे तीन शब्द विचारले असते तर ते वाचले असते. दिवसाला पन्नास कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला हे माहीत नसतंय होय?

काल धाकटा म्हणाला, "राहू दे दादा, जुनेच खेळतो मी." ते ऐकून तर जास्तच पेटलोय. उद्या ते ७३० घेऊन परत जाणार हाय. घेतलं तर घेतलं, नाय तर चार गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर ठेवून विचारणार, ह्याच्यावर कुठला नवीन गेम चालतोय तो आत्ता लावून दाखवा.