धैर्याचा रकाना

मार्च महिना आला की आमच्या कार्यालयात प्रत्येकाला आपल्या कामाचे मूल्यमापन आपणच, आणि तेही इंग्रजीत, लिहून द्यावे लागते. उद्दिष्टे, प्रशिक्षण वगैरे रकाने गेल्या वर्षीच्या अर्जावरून उतरवता येतात. परंतु ‘प्रतिकूल परिस्थितीत दाखवलेले धैर्य उदाहरणासह विशद करा’ या रकान्यापाशी, वर्षभर साहेबांच्या केबिनबाहेर नुसता घसा खाकरत उभ्या राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला दरदरून घाम फुटतो.

उदाहरण नाहीच, तर निदान शब्द तरी भारदस्त असावा म्हणून मी शब्दकोश उघडतो. ‘करेज’ हा शब्द लॅटिनमधल्या हृदयावरून फ्रेंचमार्गे आलेला असल्याने जरा सोवळ्यातला वाटतो, पण तो सगळ्यांनीच वापरलेला असतो. त्याच्या पुढे थेट खाटकाचे दुकानच लागते. ‘गट्स’ म्हणजे आतडी. ‘प्लक’ म्हणजे कापलेल्या जनावराचे ओढून काढलेले हृदय, यकृत आणि फुप्फुसे. अठराव्या शतकात इंग्रजांनी हाच ऐवज हिमतीच्या अर्थाने बोलण्यात आणला. वाघाचे काळीज आपणही म्हणतो. परंतु ते वाघाच्या अंगातच ठेवून म्हणतो, परातीत काढून नव्हे.

‘ग्रिट’ म्हणजे दगडाची कच. अँजेला डकवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ मध्ये या एका शब्दावर अख्खे पुस्तक लिहिले. हीच कच यंत्रात गेली तर यंत्र बंद पडते, पण आमच्या व्यवस्थापनाला ती माझ्यात हवी आहे.

माझा सर्वांत लाडका शब्द मात्र अमेरिकेतला ‘मॉक्सी’. ऑगस्टिन थॉम्प्सन नावाच्या डॉक्टरांनी मज्जातंतूंना बळ देणारे म्हणून एक औषध काढले आणि १८८० च्या दशकात ते सोडा घालून पेय म्हणून विकायला आणले. त्यात जेन्शन नावाच्या वनस्पतीचे कडू मूळ असते. जाहिराती इतक्या झाल्या की त्या पेयाचे नावच पुढे धडाडीला पडले, आणि २००५ मध्ये मेन राज्याने त्याला आपले अधिकृत शीतपेय ठरवले. आपले काडेकिराईत याच जेन्शनच्या कुळातले. त्या हिशेबाने लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेल्या काढ्यांवर मी आज किमान सेनापती तरी व्हायला हवा होतो.

‘एन्ड्युरन्स’ म्हणजे सोशिकपणा, त्याचाही विचार केला. ध्रुवप्रदेशांचे शोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांनी दक्षिण ध्रुवावरून अंटार्क्टिका ओलांडण्याच्या मोहिमेसाठी घेतलेल्या जहाजाला आपल्या घराण्याच्या ब्रीदवाक्यावरून हे नाव दिले; १९१५ मध्ये वेडेल समुद्रातल्या बर्फाने ते चिरडले आणि बुडाले. त्यावरचे २८ जण मात्र सर्वच्या सर्व वाचले. उदाहरण उत्तम होते, पण ते माझ्या नावावर खपण्यासारखे नव्हते.

शेवटी मी ‘स्टेडफास्ट’ लिहिले. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘जागी पक्का बसलेला’ असा होतो, आणि माझी खुर्ची, पद व पगार पाहता त्याला कोणी पुरावा मागण्याची शक्यता नव्हती.

आठवड्याने साहेबांचा शेरा आला: ‘स्वतःचे म्हणणे ठामपणे मांडण्याची गरज आहे.’ खाली ‘सहमत’ आणि ‘असहमत’ अशी दोन बटणे होती, आणि असहमत असल्यास साहेबांना समक्ष भेटून कारणे सांगावीत, अशी बारीक अक्षरांत सूचना होती. मी तत्काळ सहमत झालो.