केईएमचं श्रेय कुणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की केईएम, म्हणजे परळचं किंग एडवर्ड मेमोरियल हॉस्पिटल, चालतं महापालिकेच्या म्हणजे आपल्या टॅक्सच्या पैशावर, नाव आहे इंग्रज राजाचं, आणि शेठ लोकांनी एकदा पैसे देऊन त्याला जोडलेल्या मेडिकल कॉलेजवर कायमचं नाव लावून घेतलं, मग मी माझ्या पोस्टमध्ये त्याला दानधर्म म्हणून डोक्यावर का घेतेय.

खर्चाचं तुमचं बरोबरच आहे. शंभर वर्षं परळचं ते हॉस्पिटल महापालिकेनेच ओढलंय आणि ते श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण देणगी म्हणजे फक्त रक्कम असं धरून तुम्ही लिहिलंय आणि तिथे मला अजिबात पटत नाही, कारण या देणगीत खरी किंमत होती ती अटीची.

त्याआधीची परिस्थिती बघा ना. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जेजे 1845 पासून होतं, जमशेटजी जीजीभॉयांनी लाखभर रुपये दिले होते, भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या बॅचचे, म्हणजे आपली माणसं शिकत होती, उत्तम शिकत होती. पण शिकवायच्या मोठ्या जागा बहुतेक सगळ्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या वैद्यकीय सेवेतल्या, गोऱ्या अधिकाऱ्यांकडे. विलायतेहून मोठ्या डिग्र्या घेऊन आलात तरी प्रोफेसरच्या खुर्चीपर्यंत पोचणं महाकठीण, आणि वॉर्ड हातात नाही म्हटल्यावर हात तयार कुठे होणार!

अशा वेळी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी कॉलेजसाठी पैसे देऊ केले आणि अट घातली की इथे शिकवणारे सगळे लायक भारतीयच हवेत, तेही सरकारी नोकरीत नसलेले. इंग्रज राज्यात, इंग्रज राजाच्या नावाच्या हॉस्पिटलला जोडलेल्या कॉलेजसाठी ही अट! महापालिकेने ती मान्य केली, 1926 मध्ये दोन्ही सुरू झालं, आणि पहिले डीन झाले डॉ. जीवराज मेहता. हे स्वतः ग्रँटमध्येच शिकलेले, गांधीजींचे डॉक्टर, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, पुढे 1960 ला गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. राणीच्या बागेसाठी किंवा पुतळ्यासाठी दिलेल्या पैशातून हे झालं असतं का?

पुढे 1968 च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या टीमने केईएममध्ये हृदयरोपण केलं, दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या हृदयरोपणानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी. पेशंट काही तासांतच गेला, ते लपवायचं कारण नाही. पण एका म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात, गिरणगावाच्या मधोमध, असं काही करायला धजावणारी माणसं तयार झाली होती ती त्या अटीमुळेच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नाव लावून घेतलं म्हणता, तर केस पेपरच्या खिडकीपाशी सकाळी एकदा उभं राहून बघा. कोकणातून रात्रीच्या एसटीने आलेली माणसं रिपोर्टांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून उभी असतात, त्यांच्या तोंडी फक्त केईएम. कॉलेजला जीएस म्हणतात ती तिथली शिकणारी पोरं, आणि त्यांच्यातही त्या दोन अक्षरांमागचा माणूस किती जणांना माहीत असतो? म्हणून तर मूळ पोस्ट लिहिली होती.

टॅक्सचा पैसा आज तिथे कसा खर्च होतो, खाटा कमी का पडतात, हे तुमचे प्रश्न रास्त आहेत आणि ते महापालिकेला विचारायलाच हवेत. त्यासाठी त्या विश्वस्तांना खोटं पाडायची मात्र काही गरज नाही.