बायोस, चिमटा आणि पन्हे

नागपूरचा मे महिना बायोस, म्हणजे संगणकाला जागे करणारी मूळ आज्ञावली, अद्ययावत करण्यास वर्ज्य आहे, असे पंचांगकर्त्यांनी अजून छापलेले नाही. पारा 45 अंशांवर टेकला आणि गल्लीतले सगळे कूलर एकदम घोंगावू लागले की वीज केव्हा जाईल याचा नेम राहत नाही. आमच्याकडे बायोसची नवी आवृत्ती चिपवर लिहिली जात असताना, पडद्यावरची प्रगतीची पट्टी निम्म्यावर आली तेव्हा वीज गेली. परत आल्यावर संगणकाचे पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच राहिला. त्यामुळे यंत्र बिघडले आहे हे घरच्यांना पटवून देणे, हेच पहिले संकट ठरले.

बर्डीच्या बाजारातल्या दुकानदाराने संगणक न उघडताच निकाल दिला, “बोर्ड गेला न भाऊ, नवाच टाकून घ्या.” शेजारच्या काकांचा पक्ष निराळा होता. नाण्याएवढा सेल रात्रभर काढून ठेवला की कोणताही संगणक शुद्धीवर येतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. तो सीआर 2032 सेल काढल्याने घड्याळ आणि सेटिंग्ज पुसल्या जातात, हे खरे; परंतु खुद्द बायोस ज्या आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये राहतो, तिला मजकूर टिकवायला विजेची गरज नसते, आणि अर्धवट लिहिलेला मजकूरही ती तितक्याच निष्ठेने टिकवते. थेट पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याचे बटण काही मदरबोर्डांवर असते. माझ्या बोर्डावर त्याची नुसती जागा सोडलेली होती.

उरला तो सीएच 341 ए नावाचा स्वस्तातला प्रोग्रामर, म्हणजे चिप बाहेरून वाचणारे-लिहिणारे उपकरण, आणि चिपला पकडणारा त्याचा चिमटा. चिपवरचा बारीक ठिपका म्हणजे पहिला पाय, आणि चिमट्याची लाल तार त्याच पायावर यावी लागते. तो ठिपका दिसावा म्हणून विजेरी तोंडात धरायची, आणि कूलर बंद ठेवायचा, कारण तो हवेबरोबर पाण्याचे शिंतोडेही उडवतो. चिमटा केसभर हलला की वाचलेल्या फाइलीत खऱ्या मजकुराऐवजी ओळीच्या ओळी नुसते एफएफ, म्हणजे कोरेपण, उमटते. म्हणून चिप दोनदा वाचायची आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळेपर्यंत काहीही लिहायचे नाही. घाम नाकाच्या शेंड्यावर लोंबत असताना आईने दार उघडून “पन्हं घेतोस का रे?” असे विचारले. तोंडातल्या विजेरीमुळे मला केवळ हुंकार देता आला. तो होकार समजून तिने काठोकाठ भरलेला पेला मदरबोर्डाला खेटून ठेवला.

दोन फाइली अखेर जुळल्या. जुनी प्रत जपून ठेवून कंपनीची बायोसची फाइल लिहिली, पडताळली, आणि संगणक सुरू केला. नव्या बायोसने रॅमची ओळख करून घेण्यात बराच वेळ काढला, मध्येच स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरूही झाला, आणि मग पडद्यावर अक्षरे आली.

काकांनी लगोलग आपला बंद पडलेला लॅपटॉप आणून दिला. त्यातली चिप कमी, 1.8 व्होल्टवर चालणारी निघाल्याने वेगळा अडॅप्टर मागवला आहे. तोवर काका त्याचा सेल काढून बसले आहेत.