आसगावच्या बंगल्यातली नटी

बाब, देव बरें करूं. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली आणि मगच लिहायला बसले.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. यांनी आजच्या एका हयात अभिनेत्रीचं खरं नाव घालून कथा पाठवली होती आणि मी ती छापायला घेतली नाही. त्यावर यांचं म्हणणं असं: हा भित्रेपणा आहे. तियात्रात, आपल्या कोंकणी संगीत नाटकात, मंत्र्यांची नावं घेऊन गातात, मग कथेनेच का बिचकायचं? प्रसिद्ध माणूस लोकांचाच असतो. खाली ‘सर्व पात्रे काल्पनिक’ अशी ओळ टाकली की झालं. आणि मेलेल्यांना तर काही हक्कच नसतात, तसा कोर्टाचा निकाल आहे.

तियात्राचा मुद्दा मला मनापासून पटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कांतारात, म्हणजे तियात्रातल्या गाण्यात, मंत्र्याचं नाव येतं ते जमिनींच्या रूपांतरासाठी, खाणींसाठी, मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंसाठी. त्या माणसाने खुर्चीत बसून जे केलं त्याचा जाब तिथे विचारला जातो. लोकसेवकाच्या सार्वजनिक वागण्यावर प्रामाणिकपणे मत मांडणं ही बदनामी नाही, असा अपवाद कायद्यातच आहे. तुमच्या कथेतली बाई मात्र आसगावच्या भाड्याच्या बंगल्यात रात्री दोन वाजता एका निर्मात्यापुढे रडते आणि आपल्या गर्भपाताबद्दल बोलते. हे तिने कुठे केलं? हे तुम्ही रचलंत, आणि त्यावर तिचं नाव चिकटवलंत.

भारतीय न्याय संहितेचं 356 कलम बदनामीचं आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हा त्यातला पहिला अपवाद. आता बघा, पत्रकार कागद दाखवून म्हणू शकतो की हे खरं आहे. कथाकार ते म्हणूच शकत नाही, कारण प्रसंग आपण रचलाय हे तो स्वतःच कबूल करत असतो. शिवाय वर खरं नाव आणि खाली ‘पात्रे काल्पनिक’, या दोन ओळी एकमेकींना खोटं पाडतात. कोण विश्वास ठेवील?

मृतांबद्दलचा तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात 2023 साली दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की त्याचे खासगीपणाचे आणि प्रसिद्धीचे (आपलं नाव, चेहरा कोणी कसा वापरावा याचे) हक्क त्याच्याबरोबरच संपले. पण त्याच 356 कलमाचं पहिलं स्पष्टीकरण वाचा. मृताबद्दल असं काही लिहिलं की ज्याने तो हयात असता तर त्याच्या नावाला बट्टा लागला असता, आणि ते जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवण्याच्या हेतूने लिहिलं असेल, तर तीही बदनामी होऊ शकते.

खरं सांगू का, माझा नकार या कलमातून आलेला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकासाठी आपल्याकडच्या एका दिवंगत गायिकेवर कथा लिहिली होती. खऱ्या नावाने. तिच्या आयुष्यात मी एक प्रियकर घातला, एका जमीनदाराचा मुलगा, आणि देवळाच्या तळीकाठी एक निरोपाचा प्रसंग. खाली ती ‘काल्पनिक’वाली ओळही होती. पुढच्या वर्षी फोंड्याला एका कार्यक्रमात वक्त्याने तो प्रसंग तिचं चरित्र म्हणून सांगितला. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्क बाई माझ्याजवळ आल्या. गायिकेची भाची. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, “हें तुका कोणें सांगलें?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. देवळांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंत घराण्यातल्या बायकांबद्दल गावाने पिढ्यानपिढ्या रचलेल्या गोष्टींत मी आणखी एकीची भर घातली होती. त्यांनी तो डाग पुसण्यात जन्म घालवला आणि मी तो सुंदर भाषेत परत लावला. ती कथा मी पुन्हा कुठेही छापू दिली नाही.

तुम्ही ‘नाचोंया कुंपासार’चं उदाहरण दिलंत. बरोबर, संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची छाया त्या कोंकणी चित्रपटावर आहे हे गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. पण पडद्यावर आहेत लॉरी आणि डॉना. नाव बदललं म्हणून कायद्यातून सुटका होतेच असं नाही, वाचकाला माणूस ओळखता आला तर दावा होऊ शकतो. तरीही त्या बदललेल्या नावामुळे खऱ्या माणसाला ‘ती मी नव्हे’ म्हणायला एक दार उघडं राहतं. तुमच्या कथेने ते दार बाहेरून बंद केलंय.

मला सेन्सॉरच्या बाजूला मात्र बसवू नका. वसंत गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता 1994 साली बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली आणि तिच्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, निकाल 2015 साली आला. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या बाबतीत अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लावायची, असं न्यायालय म्हणालं. मला तो निकाल चुकीचा वाटतो. ती कविता गांधींच्या नावाने आपल्या सार्वजनिक ढोंगाला हात घालते. कुणाच्या शयनगृहात शिरत नाही. उद्या कुणी तशी कविता पाठवली तर मी ती घेईन आणि होतील ते परिणामही सोसेन.

अलीकडे आणखी एक भर पडलीय. यंत्राने अरिजित सिंगच्या आवाजाची नक्कल होऊ लागली तेव्हा 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाने ती रोखली. आपलं पर्वरीचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं. तुमच्या कथेतलं संभाषण कुणी उचलून त्या अभिनेत्रीच्या नकली आवाजात फिरवलं, तर तुमची ‘काल्पनिक’वाली ओळ सोबत जाणार नाही.

आता कथेबद्दल. त्यात तो ड्रायव्हर आहे ना, फाटकाबाहेर गाडीत बसून पहाटेपर्यंत वाट बघणारा, पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू ऐकून दोन पाव घेणारा आणि एक मालकिणीसाठी कागदात गुंडाळून ठेवणारा? तो तुम्ही फार जवळून पाहिलाय. आतलं त्याला काही ठाऊक नाही, फक्त वरच्या खिडकीतला दिवा दिसतो. त्याच्या जागेवर बसून कथा पुन्हा लिहा. बाईला नाव देऊ नका, तोही तिला ‘मॅडम’च म्हणतो. चतुर्थीच्या आधी पाठवलीत तर मी सुट्टीत वाचून काढीन.