लढाऊ विमानं का पोहोचली नाहीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेवरच्या 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, की एवढं बलाढ्य हवाई दल असलेल्या देशाला पावणेदोन तासांत अपहरण झालेल्या चारपैकी एकही विमान अडवता आलं नाही हे पटतच नाही. 'जाऊ नका' असा वरून हुकूम असणार. पुरावा म्हणून गोल्फपटू पेन स्टुअर्टचं उदाहरण दिलंय. 1999 मध्ये त्याच्या लियरजेट या छोट्या खाजगी विमानाशी संपर्क तुटला आणि वीस मिनिटांत एफ-16 लढाऊ विमान शेजारी हजर झालं, मग दोन वर्षांनी का नाही? आणि माझा लेख म्हणजे सरकारची वकिली, असंही म्हणालात.

आधी त्या वीस मिनिटांचं बघू, कारण हा आकडा फार ठिकाणी फिरतो. त्या विमानाने हाकेला उत्तर देणं थांबवलं सकाळी 9:33 ला, पण ही वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. एफ-16 जवळ पोहोचलं 9:52 च्या सुमारास, ती वेळ मध्य पट्ट्याची, म्हणजे पूर्वेच्या घड्याळात 10:52. मधला एक तास वजाबाकीत हरवलाय. खरा वेळ जवळजवळ ऐंशी मिनिटं. शिवाय ते एफ-16 चाचणी उड्डाणासाठी आधीच हवेत होतं, आणि स्टुअर्टचं विमान कुणापासून लपत नव्हतं.

नोकरीची बरीच वर्षं मी रडारसमोर काढली आहेत, म्हणून पुढचं जरा सविस्तर सांगतो. पडद्यावर प्रत्येक विमानाजवळ त्याचं नाव, उंची, वेग दिसतो. यातलं नाव आणि उंची कळते विमानातल्या ट्रान्सपाँडर नावाच्या, संदेश पाठवणाऱ्या यंत्रामुळे. तो बंद केला की उरतो नुसता ठिपका. उंची नाही, नाव नाही. त्या दिवशी अमेरिकन 11 चा, म्हणजे अपहरण झालेल्या पहिल्या विमानाचा, ट्रान्सपाँडर 8:21 ला बंद झाला. अपहरणाचा 7500 हा कोड चारही विमानांतून एकदाही आला नाही. 8:38 ला बोस्टनच्या नियंत्रकाने ठरलेली वरची साखळी सोडून थेट ईशान्य हवाई संरक्षण विभागाला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला: हे खरं आहे की सराव? विचारणाऱ्याची चूक नव्हती, त्या आठवड्यात खरोखरच सराव चालू होता. मग पडद्यावरच्या असंख्य ठिपक्यांत तो एक ठिपका शोधणं सुरू झालं. तो सापडला नाही. ओटिसच्या हवाई तळाला लढाऊ विमानांच्या उड्डाणाचा हुकूम मिळाला 8:46 ला, आणि त्याच मिनिटाला विमान न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तरेकडच्या मनोऱ्यावर आदळलं.

ओटिस न्यूयॉर्कपासून दीडशे मैलांवर. अख्ख्या देशात हुकूम मिळताच उडायला सज्ज असलेले तळ सात, प्रत्येकी दोन विमानं. शीतयुद्ध संपल्यावर ही संख्या कमी होत आली होती, आणि जी होती तिची नजर समुद्राकडे, बाहेरून येणाऱ्या शत्रूकडे होती. अपहरण म्हणजे विमान कुठेतरी उतरणार, मागण्या येणार, बोलणी होणार, हेच सगळ्यांच्या डोक्यात होतं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. 1999 च्या डिसेंबरात आयसी 814 अमृतसर, लाहोर, दुबई करत कंदाहारला गेलं तेव्हा आपणही तेच पाहिलं. लढाऊ विमानाचं काम ठरलेलं होतं: मागे राहून पाठलाग करायचा. प्रवाशांनी भरलेलं विमान पाडण्याची तालीम कुणाची झालेली नव्हती.

याचा अर्थ सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं, असा मुळीच नाही. मला सर्वांत जास्त छळतं ते 9:49 चं संभाषण. युनायटेड 93 चं, म्हणजे चौथ्या विमानाचं, अपहरण झाल्याचं विमान वाहतूक खात्याला कळून चुकलं होतं. खात्याच्या हर्नडनच्या नियंत्रण केंद्रातून मुख्यालयाला विचारलं गेलं, लढाऊ विमानं मागवायचा विचार करायचा का? उत्तर आलं, देवा, मला माहीत नाही. दहाएक मिनिटांत कुणीतरी ठरवायला हवं, असं इकडून सांगितल्यावर तिकडून ऐकू आलं: आत्ताच सगळे खोलीतून बाहेर गेले. 10:03 ला ते विमान पेनसिल्व्हेनियात कोसळलं. हवाई दलाला त्याच्या अपहरणाची पहिली खबर मिळाली 10:07 ला. जे विमान संपलंय त्यावर कोण झेपावणार? 'जाऊ नका' असं सांगायची गरजच पडली नाही, कारण 'जा' म्हणायला कुणी जागेवर नव्हतं.

अधिकाऱ्यांनी सांगितलेल्या वेळांवर विश्वास बसत नाही, ही तुमची तक्रार मात्र मला मान्य आहे, आणि ती लेखात यायला हवी होती. हवाई संरक्षणाच्या अधिकाऱ्यांनी मे 2003 मध्ये चौकशी आयोगापुढे सांगितलं, की युनायटेड 93 ची सूचना आम्हाला 9:16 ला मिळाली. पण त्या विमानाचं अपहरण झालं 9:28 ला! 9:16 ला ते शांतपणे आपल्या मार्गाने चाललं होतं. ध्वनिफिती तपासल्यावर आयोगाच्या 2004 च्या अहवालाने हे खोडून काढलं. तोवर लोकांनी संशय घेतला तर त्यांना दोष देता येत नाही. आपण तयार होतो असं दाखवायच्या नादात चुकीच्या वेळा सांगितल्या गेल्या, आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्या वाट्याला इतकी वर्षं खोटं वेळापत्रक आलं. याची चीड मलाही तुमच्याइतकीच आहे. हा परिच्छेद मी आज मूळ लेखात घातला आहे.