सूर्याकडे पाठ करून बसावे

मध्य अमेरिकेतल्या बेलीझला जाणार आहात ना? मग प्लसेन्सियाला जाच. जमिनीची 16 मैल लांब चिंचोळी पट्टी, पूर्वेला कॅरिबियन समुद्र, पश्चिमेला लगून, म्हणजे खाडीसारखं संथ पाणी. पहिल्या संध्याकाळी पूर्वेच्या वाळूत पाण्याला पाय लागतील अशी खुर्ची पकडा, नारळी रम नि अननसाचा रस मागवा आणि समुद्रात बुडणाऱ्या सूर्याची वाट बघा. सूर्य तेव्हा तुमच्या पाठीमागे, लगूनपलीकडे माया पर्वतरांगेमागे मावळत असेल. वळून बघू नका. पैसे समुद्राचे मोजलेत. अंधार झाला की वेटरला विचारा, "आज ढगाळ होतं का हो?" तो "हो" म्हणेल. सभ्य लोक आहेत.

इतके सभ्य की त्याचाच त्रास होतो. गावाचा जुना मुख्य रस्ता म्हणजे सिमेंटची पायवाट, रुंदी जेमतेम 4 फूट. जगातला सर्वात अरुंद मुख्य रस्ता म्हणून ती गिनीज बुकामुळे गाजली. 4 फुटांत दोन माणसं समोरासमोर आली की न बघितल्यासारखं करायची सोयच उरत नाही. त्यातून इथे भेटेल त्याची विचारपूस करण्याची खोड. अंधार पडल्यावर समोरून येणारा तोंडभरून "गुड नाइट" म्हणतो. इथे त्याचा अर्थ "काय, कसं काय?" असा होतो. तुम्ही मात्र "आता निघा" असाच घ्या आणि फोनमध्ये डोकं घाला. नाहीतर सरळ गोल्फकार्ट भाड्याने घ्या. ती पायवाटेवर जात नाही, म्हणजे माणसांपासून आपोआप सुटका.

खाण्याचं म्हणाल, तर लॉबस्टर एप्रिलमध्येच मागावा. तेव्हा तो पकडायला बंदी असते. बंदी उठली की गावात लॉबस्टरफेस्ट भरतो, जागोजागी निखाऱ्यावर लॉबस्टर भाजतात, पण सगळ्यांना मिळतो तेव्हा खाण्यात काय शान? एप्रिलमध्ये मालकाला बाजूला घ्या आणि हळूच म्हणा, "आमच्यापुरतं बघा ना काहीतरी." हे वाक्य आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

रोजच्या जेवणात एक गंमत आहे. 'राइस अँड बीन्स' आणि 'बीन्स अँड राइस' हे दोन वेगळे पदार्थ. पहिल्यात भात नि राजमा नारळाच्या दुधात एकत्र शिजतात. दुसऱ्यात राजम्याची उसळ पांढऱ्या भाताबरोबर वेगळी येते. पहिला मागवा, मग दुसरा का आला नाही म्हणून भांडा. टेबलावर हाबानेरो मिरचीचा मारी शार्प्स सॉस असतोच. "आम्हाला तिखटाची सवय आहे" असं जाहीर करून चमचाभर ओता. पुढची दहा मिनिटं तुम्हाला बोलता येणार नाही; शेजारच्या टेबलांना तेवढीच विश्रांती. उतारा म्हणून कुणी समुद्री शेवाळ, दूध, दालचिनी नि जायफळ घातलेला शेक पुढे केला, तर शेवाळ हा शब्द ऐकूनच नाक मुरडावं.

वाटेत सेन बाइट नावाचं गाव लागतं. तिथे थांबूच नका. ब्रिटिशांनी 1797 मध्ये सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकललेल्या गारिफुना या मिश्र आफ्रिकी-कॅरिब समाजाच्या वंशजांचं हे गाव. त्यांचे पूर्वज बेलीझच्या किनाऱ्याला लागले त्याची आठवण म्हणून 19 नोव्हेंबरला देशभर सुट्टी असते. त्यांची भाषा, नाच नि संगीत युनेस्कोने 2001 मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं. जेवण म्हणजे हुदुत: हिरवी नि पिकी केळी उकडून उखळात कुटलेला गोळा आणि नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण. नारळ, मासळी, उखळ, वर हाताने खायचं! हे बघायला का एवढं विमानाचं भाडं भरलं? ढोल ऐकायचेच असतील तर रिसॉर्टवाले वाजवणाऱ्यांना बोलावतात. तुम्ही खुर्ची सोडायची गरज नाही.

पैशांचं एकच पथ्य. बेलीझचे 2 डॉलर म्हणजे अमेरिकेचा 1. फळ्यावरचा दर कुठल्या डॉलरमधला, हे विचारू नका, भिकारडं दिसतं. आकडा अमेरिकन समजून पैसे मोजा, आणि दुप्पट गेले हे घरी गेल्यावर कळलं की "तिथले लोक लुबाडतात" असं सगळ्यांना सांगत सुटा.

आता ओळखीपाळखी. बारमध्ये बसलात की दोन खुर्च्या पलीकडे कुणीतरी परदेशी पाहुणा असतोच. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलेला असतो, नि परवा उतरलेल्याला सांगत असतो, "आता गाव पूर्वीचं राहिलं नाही." ही मैत्री जोडा, फार उपयोगी. बोलणं जमिनीच्या भावावरून सुरू होतं आणि तिथेच संपतं. खरं तर पूर्वीचं गाव आयरिस चक्रीवादळाने 8 ऑक्टोबर 2001 च्या रात्री जवळजवळ सपाट केलं होतं. ज्यांनी ते पुन्हा उभं केलं, त्यांतलं कुणी कोपऱ्यातल्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या आपटत बसलेलं असेल. त्यांना काही विचारायला जाऊ नका. त्यांनी फक्त वादळ पाहिलंय. तुमच्या शेजाऱ्याकडे वादळावरची मतं आहेत.

शेवटच्या संध्याकाळी मात्र जपा. गोल्फकार्ट परत केलेली असते, पाय चुकून लगूनच्या बाजूला वळतात, तिथे एक लाकडी धक्का असतो आणि समोर अख्खा सूर्य डोंगरामागे उतरत असतो. धक्क्यावर पाय सोडून बसलेला म्हातारा सरकून जागा करतो, बाटली पुढे करतो नि म्हणतो, "गुड नाइट." इतक्या दिवसांची तालीम इथे कामाला येते. तुम्हीही त्याला "गुड नाइट" म्हणा आणि बॅग भरायला निघून जा.